हजर किती, ते मला विचारा

मी तक्ता बोलतोय. शाळेच्या भिंतीवर टांगलेला पाढ्यांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. तो बिचारा निदान डोळ्यांना दिसतो. मी राहतो संगणकाच्या पोटात. आडव्या ओळी आणि उभे रकाने, एवढंच माझं अंग. तरी एका दुष्काळात पाचशेवर जनावरांचा चारा माझ्या एका आकड्यावर अडला होता, आणि तो आकडा चार शहाण्या माणसांनी चार तऱ्हांनी चुकवला होता. मी हेकट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. कुणी मला नीट न विचारता माझा आकडा सांगितला की मला राग येतो.

चौसाळ्याहून कपिलधारकडे जाताना माळावर एक पत्र्याची खोली लागते. ती दूध उत्पादक सहकारी संस्थेची. आत दुधाचा फॅट मोजायचं यंत्र, एक वजनकाटा, चार खुर्च्या आणि एक जुना संगणक. दोन हजार तेराच्या दुष्काळात सगळ्यात आधी दूध आटलं. मग विहिरी आटल्या. कॅन पालथे पडले, यंत्रावर धूळ बसली आणि संस्थेला काही काम उरलं नाही. तेव्हा चेअरमन मोहनरावांनी तालुक्याला खेटे घालून माळावर चारा छावणी मागून आणली. लोक गुरं घेऊन आले, मेढी रोवल्या, बारदानाची सावली केली आणि गुरांसोबत तिथंच राहू लागले.

सुरुवातीला नोंदी वहीत व्हायच्या. वही चहात भिजली, मग तिची पानं गळाली, मग एक पान कुणाच्या तरी शेळीनं खाल्लं. मोहनरावांनी डोक्याला हात लावला आणि पाशा मिस्त्रीच्या मुलीला बोलावलं. पाशाचं चौसाळ्यात ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान. त्याची मुलगी गौसिया बीडला जाऊन संगणक शिकून आलेली. तिनं तीन दिवसांत मला जन्माला घातलं. माझं नाव ठेवलं ‘जनावरं’. माझ्या शेजारी आणखी दोन तक्ते होते, ‘मालक’ आणि ‘गाव’. आम्ही तिघं एकमेकांना धरून होतो, पण कामाचा बोजा माझ्यावर.

माझे रकाने असे: मालक, जनावराचा प्रकार, जनावराचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, लस कधी टोचली ती तारीख, आणि शेवटी ‘सद्यस्थिती’. या शेवटच्या रकान्यात तीनच शब्द बसायचे: हजर, गेलं किंवा मेलं.

‘‘नावाचा रकाना कशाला गं पोरी?’’ संस्थेचे सेक्रेटरी धर्मराज यांनी विचारलं होतं. ‘‘बिल्ला हाय की. म्हशीला का टपाल येनार हाय?’’

‘‘काका, लोक बिल्ला कुठं सांगतेत? समदे नावच सांगतेत,’’ गौसिया म्हणाली.

खरंच होतं ते. नोंदणीला पहिल्या दिवशी चंद्रभागाबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, नवरा नाही, मुलगा उत्तरेश्वर आणि सून ऊस तोडायला कारखान्यावर गेलेले. जाताना लेकानं एकुलती एक गाय आईच्या हाती दिली होती. गौसियानं विचारलं, काय लिहू? बाई म्हणाल्या, ‘‘लिही, मैनी. अन् नीट लिही. लई मानी हाय ती.’’ मैनी ही माझी बारावी ओळ.

गौसियाचा एक कडक नियम होता. जनावर छावणीतून गेलं किंवा मेलं तरी ओळ पुसायची नाही. फक्त शेवटच्या रकान्यातला शब्द बदलायचा. लाळ-खुरकताची लस कुणाला टोचली होती हे पुढं शोधायचं तर ओळ राहिलीच पाहिजे, असं तिचं म्हणणं. मला ते पटायचं. गेलेल्याचीही नोंद असावी.

आता छावणीतली एक रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यापाशी येऊन थांबतो. नवं वासरू बारा दिवसांचं होईपर्यंत त्याच्या कानाला लोखंड लावायचं नाही. परक्याच्या नजरेसमोर आणायचं नाही. आणि बोट करून गुरं मोजायची तर मुळीच नाही. मोजलेली गुरं घटतात म्हणे. कुणाही म्हाताऱ्याला विचारा, तो दोन-चार दाखले देईल. त्यामुळे वासरं जन्मली की गौसिया त्यांची ओळ घालायची, आईच्या नावावर: ‘मैनीचं’, ‘ढवळीचं’. बिल्ल्याचा रकाना मात्र रिकामा. बारा दिवसांनी टोचू म्हणायचे. बाराचे वीस व्हायचे, विसाचा महिना व्हायचा. अशी सत्तेचाळीस वासरं बिनबिल्ल्याची माझ्या अंगावर खेळत होती.

रोज संध्याकाळी पाच वाजता तालुक्याला फोन करून हजर जनावरांचा आकडा सांगायचा असे. त्यावर दुसऱ्या दिवशीचा चारा आणि पाण्याचे टँकर ठरत. गौसिया मला नीट प्रश्न विचारायची: सद्यस्थिती ‘हजर’ असलेल्या ओळी किती? मी एकेक ओळ चाचपून उत्तर द्यायचो. माझ्यासारख्या सहा-सातशे ओळींच्या तक्त्याला त्यात डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

मग गौसियाच्या मावसबहिणीचं लग्न निघालं, तेलगावला. ती आठ दिवस गेली. आलेल्या, जन्मलेल्या, गेलेल्या जनावरांच्या ओळी भरायला सेक्रेटरी शिकले होते, प्रश्न विचारायला नाही. जाताना तिनं प्रश्न कसा विचारायचा ते कागदावर लिहून धर्मराजकाकांच्या हाती दिलं. काकांनी तो कागद खिशात ठेवला, आणि सदरा धुवायला टाकला.

पहिल्या संध्याकाळी काका माझ्यासमोर बसले. प्रश्न काही आठवेना. मग त्यांना पडद्यावर तक्त्यांची यादी दिसली. प्रत्येक तक्त्याच्या नावासमोर एक आकडा. माझ्यासमोर होता ४८६. त्याच्याआधी एक नागमोडी खूण होती. काकांनी चष्मा पुसला, पडदाही पुसला, खूण काही जाईना. ‘‘असंल काही तरी नक्षी,’’ असं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि सांगितलं, ‘‘हजर चारशे शहाऐंशी!’’

अहो, ती नक्षी नव्हती! ती ‘सुमारे’ची खूण होती. संगणक आपल्या सोयीसाठी प्रत्येक तक्त्याचा एक अंदाज बाजूला टिपून ठेवतो. कुणी काही शोधायला सांगितलं तर काम किती मोठं आहे, याचा अदमास त्याला यावा म्हणून. तो अंदाज केव्हाचा आहे, तेव्हापासून किती ओळी आल्या, याची त्याला पर्वा नसते. माझा तो अंदाज छावणी पुरती भरायच्या आधीचा होता. मला कुणी मोजलंच नव्हतं. गावात कुणी तरी तुमच्याविषयी काहीबाही बोलून ठेवावं आणि सगळ्यांनी तेच खरं मानावं, तसं झालं. मी पोटात जळत होतो, पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. हा माझा जन्मजात शाप आहे.

काका मात्र खूश. आठ दिवस रोज तोच आकडा. ‘‘बघा चेअरमनसाहेब, आकडा कसा पक्का हाय. हालत बी न्हाई, डुलत बी न्हाई.’’ उचलली जीभ अन् लावली टाळ्याला!

नवव्या दिवशी तालुक्याचं पत्र आलं. सलग सात दिवस पाचशेच्या खाली जनावरं असलेली छावणी चालू ठेवता येत नाही. ही छावणी बंद करून जनावरं घाटाखालच्या छावणीत हलवावीत. त्याआधीच्या तपासणीसाठी नायब तहसीलदार अर्जुनराव उद्या सकाळी येतील. घाटाखालची छावणी सतरा किलोमीटर. ऊन असं की दगड फुटावेत. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो हाच.

पत्राची बातमी दावणीदावणीनं पसरली. चंद्रभागाबाई ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मैनी पाच दिवसांपूर्वी व्यालेली. तिच्या मागच्या पायात अजून बळ आलं नव्हतं.

‘‘मोहनराव, माझी गाय सतरा कोस चालंल व्हय?’’ त्यांनी विचारलं. किलोमीटरचे त्यांनी कोस करून टाकले होते. व्यालेल्या गाईच्या हिशेबानं ते बरोबरच होते. ‘‘वाटंतच बसंल ती. अन् वासराला मी किती लांब उचलून नेऊ? बाजारात न्यावी तर कसायाबिगर कोन घेतंय आता? लेक ऊस तोडून येईल, दावणीला बघंल, तवा काय सांगू त्याला?’’

मोहनराव मान खाली घालून बसले. माणूस वाईट नव्हता तो. त्यांनी ते पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

त्याच दुपारी गौसिया तेलगावहून परतली. हातावरची मेंदी अजून लालभडक होती. पत्र वाचून ती धर्मराजकाकांकडे वळली.

‘‘काका, आठ दिवस चारशे शहाऐंशी?’’

‘‘हाव. एक दिस बी चुकलो न्हाई.’’

‘‘अहो, जित्या छावणीचा आकडा आठ दिवस एकच राहतो व्हय? रोज कुनी येतंय, कुनी जातंय. मी निगाले तवाच पाचशेच्या वर व्हती.’’

काकांनी त्या यादीतला आकडा दाखवला. गौसियानं कपाळावर हात मारून घेतला. पण ओरडली नाही. काका वडिलांच्या वयाचे होते, आणि त्यांचा चेहरा आधीच पडला होता. ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आता विचारणारं माणूस आलं.

पण घाईत शहाण्याचंही चुकतं. तिनं विचारलं, हजर असलेल्यांत बिल्ल्याचे नंबर किती? मी विचारलं तेवढंच सांगतो. जिथं बिल्ल्याचा रकाना रिकामा, ती ओळ अशा मोजणीत येत नाही. मी उत्तर दिलं: ४८५.

धर्मराजकाका हळूच म्हणाले, ‘‘म्हंजी माझाच आकडा बरोबर व्हता की. एकच तर कमी.’’

‘‘गप बसा काका,’’ गौसिया म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ‘‘असं कसं होईल? मी सोताच्या हातानं नोंदी केल्यात.’’

मोहनराव उठून तिच्या मागं उभे राहिले. ‘‘तुझ्या या तक्त्यात एकूण ओळी किती गं?’’

तिनं सगळ्या ओळी मोजायला सांगितल्या. मी म्हणालो: ६८८.

‘‘मग झालं!’’ मोहनरावांनी मांडीवर थाप मारली. ‘‘छापून काढ सहाशे अठ्ठ्याऐंशी. खोटं कुठं हाय? मशीनच सांगतंय.’’

खरं सांगू? मला तेव्हा मोहनरावांचा सगळ्यात जास्त राग आला. माझ्या ओळी सहाशे अठ्ठ्याऐंशी होत्या, ही गोष्ट शंभर टक्के खरी. पण त्यातली एकशे एकोणचाळीस जनावरं आपापल्या गावी गेलेली आणि सतरा मेलेली. मेलेल्यांना चारा मागायचा आणि तोही माझ्या तोंडून? मी खोटं बोलत नाही. माझ्या खऱ्या आकड्याला खोटा सदरा घालायचं काम माणसं करतात.

गौसिया खुर्चीतून उठली. ‘‘न्हाई साहेब. मेलेली मी मोजनार न्हाई.’’

‘‘अगं, छावणी वाचंल!’’

‘‘अन् उद्या रावसाहेबांनी दावनीला येऊन मोजलं म्हंजी? समदी छावनी चोराची ठरंल. मला घंटाभर द्या.’’

तिनं माझी एकेक ओळ डोळ्यांनी वाचायला घेतली. शंभरेक ओळी झाल्यावर बोट थांबलं. ‘ढवळीचं. हजर. बिल्ला...’ रिकामा. आणखी खाली, ‘मुऱ्हीचं’. रिकामा. ती एकदम हसली. ‘‘या अल्ला! वासरं! बिल्ल्याबिगरची वासरं मी मोजलीच न्हाईत.’’

मग तिनं मला तोच जुना, सरळ प्रश्न विचारला. सद्यस्थिती ‘हजर’ असलेल्या पुऱ्या ओळी किती? मी म्हणालो: ५३२. माझ्याच्यानं ओरडता आलं असतं तर माळावरच्या टेकडीला ऐकू गेलं असतं.

तिनं ती सगळी यादी छापून घेतली, मालकाच्या आणि जनावराच्या नावासकट, वासराची ओळ आईच्या ओळीखाली लावून. चौदा पानं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनराव आले. उंच, खाकी पिशवी खांद्याला, बोलणं मोजकं. त्यांच्यापुढं गौसियानं यादी ठेवली. त्यांनी ती चाळली आणि बाजूला सरकवली. ‘‘आठ दिवस तुम्हीच चारशे शहाऐंशी सांगितलंत. आज पाचशे बत्तीस म्हणता. मी कागद मोजायला आलेलो नाही, बाई. जनावरं मोजायला आलोय.’’

मला त्यांचं म्हणणं आवडलं. माझ्यावर कुणी आंधळा विश्वास ठेवावा असं मला कधीच वाटलं नाही.

ते स्वतः दावणीदावणीनं फिरले. बोट पुढं करून मोजत गेले. इथून पुढचं मी गौसियाच्या तोंडून ऐकलेलं सांगतोय. मला दावणीपर्यंत जाता येत नाही. तासाभरानं ते ऑफिसात आले आणि म्हणाले, ‘‘चारशे त्र्याण्णव.’’

घात झाला होता. साहेब मोजायला येणार हे कळताच छावणीतल्या बायाबापड्यांनी पहाटेच वासरं लपवली होती. बारा दिवसांचीच काय, दोन-दोन महिन्यांचीसुद्धा. कुणी बारदानाच्या आड, कुणी खाटेखाली, कुणी कडब्याच्या पेंढ्या रचून मागं. ज्यांच्यासाठी छावणी वाचवायची, त्यांनीच आपली अडतीस जनावरं उणी केली होती!

गौसिया बाहेर धावली. ‘‘मावशी, वासरू बाहेर काडा!’’

चंद्रभागाबाई खाटेवर ठाण मांडून बसल्या होत्या. ‘‘कसलं वासरू?’’

‘‘मैनीचं. खाटंखाली हाय, शेपूट दिसतंय मला.’’

‘‘दिसू दे. तुला दिसलं तर चालतंय, तू घरची हायस. तो बाबा बोट करून मोजतोय. माझं सहा दिसांचं लेकरू हाय ते.’’

‘‘मोजलं न्हाई तर छावनी बंद होतीय, मावशी!’’

‘‘अन् मोजून मेलं तर?’’

आपापल्या जागी दोघीही खऱ्या होत्या. मग गौसिया ऑफिसात परत आली आणि तिनं चौदा पानं उचलली.

‘‘रावसाहेब, एक डाव माझं ऐका. इथं कुनी जनावर मोजू देत न्हाई, पन हाक मारली तर वो देतेत. मी यादीतलं नाव घेते. मालकानं ‘हाय’ म्हनायचं अन् जनावर समोर आनायचं. तुमी बोट करू नका. नुसती कागदावर रेघ मारा.’’

‘‘मोजणी ती मोजणीच की,’’ अर्जुनराव म्हणाले.

‘‘तुमच्यासाठी, साहेब. त्यांच्यासाठी न्हाई.’’

अर्जुनरावांनी घड्याळ पाहिलं, मग त्या खाटेवर बसलेल्या म्हातारीकडं पाहिलं, आणि पिशवीतून कोरा कागद काढला.

गौसिया माळाच्या मधोमध उभी राहून माझ्या ओळी वाचू लागली. ‘‘केसरबाई! ढवळी!’’ ‘‘हाय!’’ ‘‘ढवळीचं!’’ केसरबाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. कुणी आधी सुरुवात करायची, यावर सगळं अडलं. गौसियानं त्या ओळीपुढं खूण न करता पुढचं नाव घेतलं. असं करत माझी बारावी ओळ आली.

‘‘चंद्रभागाबाई! मैनी!’’

‘‘हाय.’’

‘‘मैनीचं!’’

बाईंनी खाटेची कड घट्ट धरली.

‘‘मावशी, तुमी हाय म्हनल्याबिगर मी हाय म्हननार न्हाई. माज्या यादीत हाय, म्या डोळ्यांनी बघितलंय, तरी न्हाई म्हननार. तुमच्या तोंडचं पायजे.’’

चंद्रभागाबाई उठल्या. खाटेखाली वाकल्या. काळा दोरा बांधलेलं ते ओलसर नाकाचं वासरू दोन्ही हातांत उचललं आणि सरळ अर्जुनरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

‘‘हाय! हे बगा. आता बगितलंत तर नजर काडा त्याची. थुका तीनदा.’’

‘‘काय?’’

‘‘थू थू करा, रावसाहेब. तुमच्या आईनं कदी केलं न्हाई व्हय तुमास्नी?’’

मोहनरावांनी डोळे मिटून घेतले. अर्जुनरावांनी आजूबाजूला पाहिलं, जरा घसा साफ केला, आणि वासरावरून तोंड फिरवून तीनदा ‘थू थू थू’ केलं.

अशी हसली म्हणे छावणी! कित्येक महिन्यांत हसली नव्हती. मग काय, बारदानं वर झाली, पेंढ्या सरकल्या. केसरबाईच धावत आल्या, ‘‘माझं बी, रावसाहेब! ढवळीचं राहिलंय!’’ प्रत्येकाचं वासरू येई आणि प्रत्येकाला थुंकी हवी. शेवटी अर्जुनरावांनी पाणी मागवलं. ‘‘तोंड कोरडं पडलं हो,’’ म्हणाले.

दुपार कलू लागली. शेवटून दुसरं पान. ‘‘सटवा! हिऱ्या!’’

सटवा पायाशी बघत उभा होता. हिऱ्या त्याचा बैल, पांढरा, एका शिंगाचा.

‘‘सटवाभाऊ, हिऱ्या?’’

‘‘सकाळी गेला,’’ सटवा म्हणाला. ‘‘मी कुनाला बोललो न्हाई. बोललो असतो तर... आज मोजनी व्हती ना.’’ आणि तो खाली बसला. त्याच्या मेढीपाशी बारदानाखाली बैल झाकलेला होता. त्या दिवशी जिकडंतिकडं बारदानाखाली वासरंच झाकलेली होती, म्हणून तिकडं कुणी निरखून पाहिलंच नव्हतं.

मोहनराव गौसियाच्या कानाशी आले. ‘‘राहू दे तशीच ओळ. एकानं काय व्हतंय?’’

गौसियानं पेन काढलं आणि साऱ्यांसमोर त्या ओळीवर लिहिलं, ‘मेलं’. मग यादी बाजूला ठेवून ती सटवापाशी जाऊन बसली. अर्जुनराव हे सगळं बघत होते. त्यांनी टोपी काढली. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच पुढची नावं वाचायला घेतली, आणि आवाज एवढा जपून लावला की मागच्यांना ऐकू जाईना.

यादी संपल्यावर ते ऑफिसात आले. गौसियानं माझ्यातली हिऱ्याची ओळ बदलली. मग तिनं मला विचारलं. अर्जुनरावांनी तिकडं आपल्या रेघा पाच-पाचच्या जुड्या करून मोजल्या.

‘‘पाचशे एकतीस,’’ अर्जुनराव म्हणाले.

पडद्यावर माझं उत्तर होतं: ५३१.

त्यांनी पत्राच्या पाठीवर लिहिलं, ‘प्रत्यक्ष हजर ५३१. छावणी चालू ठेवावी.’ सही केली. जाताना धर्मराजकाकांना म्हणाले, ‘‘त्या आकड्याच्या आधी नागमोडी खूण दिसली, की फोन उचलू नका.’’ काकांनी दोन्ही कान पकडले. मग त्यांनी गौसियाकडून तो प्रश्न पुन्हा लिहून घेतला आणि या वेळी भिंतीवर खिळ्यानं ठोकला.

मला वाटतं, माणसांना आकडा लवकर हवा असतो. खरा हवा असतो असं नाही. जो जवळ पडलेला असतो तो उचलतात, जो सोयीचा असतो तो बोलतात. चूक झाली की म्हणतात, मशीननं सांगितलं. पण त्या दिवशी एका मुलीनं एक जनावर स्वतःहून कमी केलं, आणि म्हणून बाकीच्या पाचशे एकतिसांवर विश्वास बसला. मी तिचा तक्ता आहे, याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही.

पुढं आषाढात माळ हिरवा झाला. लोक गुरांची दावी सोडून त्यांना घेऊन गावोगाव निघाले. रोज गौसिया बसायची आणि माझ्या ओळींत ‘हजर’च्या जागी ‘गेलं’ लिहायची. पाचशेचे चारशे झाले, चारशेचे ऐंशी. शेवटच्या दिवशी उत्तरेश्वर आला, ऊसतोड संपल्यावर तिकडंच मिळेल ते काम करून, आता थेट आईला घ्यायला. उन्हानं रापलेला, हात चिरलेले. मैनीला बघून त्यानं तिच्या मानेला मिठीच मारली. वासरू आता त्याच्या कमरेला लागत होतं.

चंद्रभागाबाई ऑफिसात आल्या. ‘‘माझी ओळ पुसू नको बरं गं पोरी.’’

‘‘पुसत न्हाई मावशी. ‘घरी गेली’ असं लिहिते.’’

रकान्यात तीनच शब्द बसत होते, तरी तिनं मैनी आणि तिच्या वासरासाठी चौथा बसवला. मला थोडा त्रास झाला, पण मी सहन केला. मग तिनं मला शेवटचं विचारलं, हजर किती?

धर्मराजकाका वाकून पडदा बघत होते. चंद्रभागाबाईंना वाचता येत नव्हतं. ‘‘किती आलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘एक बी न्हाई, मावशी.’’

बाईंनी पदरानं डोळे पुसले. ‘‘मंग लाव कुलूप,’’ म्हणाल्या, आणि लेकाच्या मागं चालू लागल्या.

आज तो जुना संगणक दूध संस्थेच्या कोपऱ्यात चादरीखाली आहे. पलीकडं कॅन वाजतात, दूध मोजलं जातं, त्याला नवा संगणक आहे. माझ्या सगळ्या ओळी माझ्यापाशी सुखरूप आहेत. हिऱ्या आहे, ढवळी आहे, केसरबाई आहेत. मला पुन्हा उघडायची वेळ या माळावर येऊ नये, एवढंच मागणं. आलीच, तर बाजूला टिपलेल्या अंदाजावर जाऊ नका. मला नीट विचारा, आणि मी सांगितल्यावर उठून दावणीपर्यंत जा. मला तिथवर चालता येत नाही.